संगणक: शास्त्र की अभियांत्रिकी?

कॉम्प्युटर सायन्स की कॉम्प्युटर इंजिनिअरिंग, ही निवड बहुधा नोकरी, फी आणि कटऑफ यांवर ठरते. तिच्या मुळाशी मात्र ज्ञानमीमांसेचा प्रश्न आहे: संगणकाविषयीचे ज्ञान कशावर घासून पाहायचे, तर्कावर की वस्तूवर?

१९३६ साली ॲलन ट्युरिंग यांनी गणनयंत्राची कल्पना मांडली तेव्हा तसे यंत्र कुठेच नव्हते. कोणताही प्रोग्रॅम थांबेल की अखंड चालत राहील हे हमखास सांगणारी सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हा त्या विचारातून निघालेला निष्कर्ष कितीही वेगवान चिप आली तरी बदलत नाही. याच वळणावर टोनी होर यांनी १९६९ मध्ये प्रोग्रॅमची अचूकता प्रमेयासारखी सिद्ध करण्याची पद्धत दिली. जेम्स फेत्झर या तत्त्वज्ञांनी १९८८ मध्ये तिच्यावर आक्षेप घेतला. सिद्धता होते ती अमूर्त प्रोग्रॅमची. विजेवर चालणारे यंत्र तसेच वागेल ही खात्री अनुभवच देऊ शकतो, असे त्यांचे म्हणणे. संगणकशास्त्रज्ञ चिडले.

सहा वर्षांनी व्हर्जिनियातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जोडमूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते आणि उत्तरे जुळेनात. दोष निघाला इंटेलच्या पेंटियम चिपच्या भागाकारात. भागाकाराची रीत बिनचूक होती. तिला लागणाऱ्या कोष्टकातल्या १०६६ नोंदींपैकी ५ चिपवर उतरल्याच नव्हत्या. चिपा बदलून देण्यापायी इंटेलने ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढले. फेत्झर यांचाच विजय झाला असे यावरून वाटेल, पण ते अर्धेच खरे. चूक आराखड्यात होती आणि आराखडा सिद्धतेच्या कक्षेत येतो; पुढे इंटेलने अशा गणिती पडताळणीचाच आधार घेतला. सिद्धता पोचत नाही ती त्याच्याही खाली, जिथे सिलिकॉन तापते आणि ट्रान्झिस्टर झिजतात. तिथे चाचणी आणि राखून ठेवलेली सुरक्षिततेची मर्यादा एवढ्यावरच भिस्त.

ॲलन न्यूवेल आणि हर्बर्ट सायमन यांनी तिसरीच बाजू घेतली. १९७५ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात त्यांनी संगणकशास्त्राला अनुभवाधिष्ठित शास्त्र ठरवले: बांधलेले प्रत्येक नवे यंत्र हा निसर्गाला विचारलेला प्रश्नच. हे मत आकर्षक असले तरी ट्युरिंग यांच्या निष्कर्षाला कोणत्याच प्रयोगाची गरज पडली नव्हती, ही अडचण उरतेच.

विद्यापीठांच्या पाट्या या भेदाला फारशा जुमानत नाहीत. अमेरिकेत कॉम्प्युटर इंजिनिअरिंग म्हणजे मुख्यतः प्रोसेसर आणि सर्किट. पुणे विद्यापीठात त्याच नावाच्या बी.ई.मध्ये बराचसा भर सॉफ्टवेअरवर, तर बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला गणिताच्या जोडीने इलेक्ट्रॉनिक्स वर्षानुवर्षे शिकवले गेले. आयआयटींनी ‘कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग’ असे नाव घेऊन वादच मिटवला. खरा भेद पदवीच्या नावापेक्षा शेवटच्या दोन वर्षांच्या विषयांत दिसतो: ऑटोमाटा आणि अल्गोरिदम किती, व्हीएलएसआय आणि एम्बेडेड सिस्टीम किती.