तिसऱ्याला हाक

ओहोटीच्या वेळी मुरुडच्या वाळूवरून हर्णैच्या दिशेनं चालायला लागलं, की समुद्रातला सुवर्णदुर्ग हळूहळू मोठा होत जातो. आधी नुसती काळी रेघ, मग तट, मग बुरूज. त्याच्या राखणीला किनाऱ्यावर तीन छोटे किल्ले आहेत: कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. कनकदुर्गावर आता दीपगृह आहे, फत्तेगडावर कोळ्यांची घरं. लढाईची जागा कुणाच्या तरी संसाराला आली, हे बघून बरं वाटतं.

गेल्या मे महिन्यात पुतण्याला घेऊन गेलो. माझ्या चुलतभावाचा, दादाचा मुलगा. मुंबईला असतो. दादा गेल्यावर आमच्या दोन घरांत बोलणं सुरू झालं ते या पोरामुळं.

"काका, चारी बाजूंनी पाणी. मग हा पडला कसा?"

मी सांगितलं. 1729 साली कान्होजी आंग्रे गेले आणि पोरांत भाऊबंदकी लागली. घर कुलाबा आणि विजयदुर्ग असं दोन जागी फुटलं. पुढं तुळाजी पेशव्यांना जुमानेना. तो काही गरीब गाय नव्हता, कोकणातल्या इतर मराठी सरदारांनाही त्याचा जाच होता. नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी करार केला. 1755 साली जमिनीवरून रामाजी महादेवाची फौज आणि समुद्रातून कमोडोर जेम्सची जहाजं आली. तोफांच्या माऱ्यात किल्ल्यातल्या दारूगोळ्यानं पेट घेतला. दुसऱ्या वर्षी वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले, आंग्र्यांचं आरमार जळालं. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत गेला. विजयदुर्ग मात्र इंग्रज सोडेनात. सोडला तो बाणकोट पदरात पाडून घेऊनच. 1818 ला हा सुवर्णदुर्गही त्यांचाच झाला.

लोक यावरून पेशव्यांना नावं ठेवतात. माझी जीभ तेवढी सैल सुटत नाही.

आमच्या कलमांच्या बागेकडं जायची वाट दादानं काट्या टाकून बंद केली होती. पिढीजात वाट. बायको आंब्याच्या करंड्या डोक्यावर घेऊन लांबचा वळसा घालायची. दोन वर्षं मी गावकीत विषय काढला, दादा बैठकीला आलाच नाही. तेव्हा मी बागेतला माझा हिस्सा शहरातल्या एका माणसाला विकला. पैशाची नड होती हे खरं, पण खरेदीखतावर सही करताना मनात वेगळंच होतं. हा दादाला वठणीवर आणील, हे.

आणलंही त्यानं. चिऱ्याची भिंत घातली, फाटक लावलं. दादाचं येणंजाणं थांबलं. दोन्ही घरांची जुनी विहीर माझ्या हिश्श्यात होती. पाण्याला कुणाला अडवणार नाही, असं तो तोंडी बोलला होता. दुसऱ्याच उन्हाळ्यात फाटकाला कुलूप लागलं. माझी बायको आणि वहिनी एकाच वहाळावर पाण्याला जायला लागल्या, एकमेकींशी न बोलता.

भावाचा एकेक दोष आपल्याला पाठ असतो. तिसऱ्याचा एकही ठाऊक नसतो, म्हणून तो सज्जन वाटतो. पेशव्यांचं तसंच झालं असेल का, कोण जाणे. राज्याची गोष्ट मोठी, माझी आपली दोन गुंठ्यांतली. पण मग दादाला तसाच सोडायला हवा होता का? बायकोनं जन्मभर वळसा घालायचा का? आपला माणूस धडधडीत चुकत असेल आणि ऐकतच नसेल, तर हाक मारायची कुणाला? यावर रात्री खूप वेळा विचार केलाय. उत्तर हाताला लागत नाही.

हे सगळं मी पोराला बोललो नाही. पण भिंत त्यानं लहानपणापासून बघितली आहे, आणि सही कुणाची तेही त्याला ठाऊक आहे. किल्ल्याकडं बघत तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, तुळाजीकडं आधी कुणी स्वतः गेलं होतं का? नुसता हुकूम नाही, बसून बोलायला?"

गावकीत मी सात-आठ वेळा उभा राहिलो होतो. दादाच्या ओटीवर एकदाही गेलो नव्हतो. मधे चाळीस पावलांचं अंगण.

बंदरात होड्या लागल्या होत्या, वाळूवर मासळीचा लिलाव पुकारायला सुरुवात झाली होती. "चल," मी म्हटलं, "वहिनीला सुरमई आवडते. बघू मिळते का."