पुसणे आणि क्षमा करणे

पोंभुर्ण्यासारख्या तालुक्याच्या गावीही घरोघरच्या कपाटांत जुन्या सीडी पडून असतात. कुणाचा स्नानसंस्कार, कुणाचा विवाह त्यांवर नोंदलेला असतो. पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी १९९७ साली आली. चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या मिश्रणाचा पातळ थर तिच्यात असतो. लेसर किरणाने तो वितळवून झटकन थंड केला की खूण उमटते. बेताची उष्णता दिली की थर पुन्हा स्फटिकरूप होतो व खूण मिटते. सुमारे हजार वेळा असे करता येते.

मात्र पुसण्याच्या रीती दोन. झटपट रीतीत केवळ अनुक्रमणिका जाते, मजकूर आत तसाच राहतो. पूर्ण रीतीत सारे कोरे होते. पण तिला वेळ लागतो.

आपली क्षमा यांपैकी कोणत्या रीतीची असते? भावाभावांत शेताच्या बांधावरून तंटा होतो, वडीलधारे समेट घडवितात, हस्तांदोलन होते. अनुक्रमणिका पुसली गेली! पुढच्या लग्नकार्यात एक शब्द वावगा गेला, की आतला मजकूर जसाच्या तसा बाहेर येतो.

मग सारे कोरे करणे हीच खरी क्षमा काय? तसेही म्हणवत नाही. समजा, मनाविरुद्ध विवाह केलेल्या मुलीची छायाचित्रे पित्याने पुसून टाकली. तेथे अपराध पुसला जात नाही, माणूस पुसला जातो. आणि ज्याने दुसऱ्याचे नुकसान केले, त्याने स्वतःच ती नोंद कोरी करणे म्हणजे केवळ पुरावा नाहीसा करणे होय. जक्कयाने आपला हिशेब जाळला नाही. चौपट परत करण्याचे वचन दिले.

पोप दुसरे जॉन पॉल यांच्यावर १३ मे १९८१ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या. चारच दिवसांनी त्यांनी हल्लेखोरास क्षमा केली, आणि १९८३ च्या डिसेंबरात तुरुंगात जाऊन त्याची भेट घेतली. न्यायालयाची नोंद मात्र कायम राहिली. इटलीतील शिक्षेतून त्याची सुटका २००० साली झाली. घाव विसरला गेला नव्हता; त्या घावाचा अधिकार संपला होता.

आपल्या शेतकऱ्यांना याहून जवळचा दाखला ठाऊक आहे. हाती लिहिलेल्या सातबाऱ्यावर फेरफार झाला की जुने नाव खोडरबराने घासत नसत. त्याला कंस करीत. नाव वाचता येई, पण जमिनीवर त्याचा हक्क उरत नसे. क्षमा ही अशीच फेरफाराची नोंद आहे. झालेला अपराध घडलाच नाही, असे ती म्हणत नाही. यापुढे तो आपल्या नात्याचा मालक नाही, एवढेच ती ठरविते.

म्हणून पुसण्यापूर्वी प्रत्येकाने एक विचारावे: ही नोंद कुणाच्या ऋणाची? दुसऱ्याला लाजविण्यासाठी जपलेली असेल, तर ती खुशाल पूर्ण पुसावी. आपल्याच ऋणाची असेल, तर आधी भरपाई करावी. प्रायश्चित्त संस्कारात पश्चात्ताप आणि पापनिवेदन यांच्यासोबत भरपाईलाही स्थान आहे, ते उगाच नव्हे.