टाकीचे झाकण आणि अनुमानाची मर्यादा

मोटारीच्या फलकावर इंजिनाचा दिवा लागताच पेट्रोलच्या टाकीचे झाकण सदोष ठरविणे म्हणजे नैयायिक (न्यायदर्शनाचे तर्कपंडित) ज्याला सव्यभिचार हेत्वाभास, म्हणजे साध्य नसतानाही आढळणाऱ्या हेतूचा दोष, म्हणतात त्यात सापडणे होय. कारण तो दिवा झाकणातून पेट्रोलची वाफ निसटल्याने लागतो, तसाच अन्य दोषांनीही लागतो. परंतु टाकीपाशी पेट्रोलचा दर्प येत असेल, झाकणाच्या रबरी कड्याला तडे गेले असतील आणि झाकण घट्ट फिरविताना नेहमीचा कटकट आवाज उमटत नसेल, तर या साक्षींच्या संगतीने अनुमान दृढ होते. तरीही अखेरचा दाखला प्रत्यक्षाचाच : नवे झाकण बसवून काही दिवस वाहन चालविल्यावर दिवा मालवला, तरच निकाल कायम करावा. क्षुल्लक वस्तूवर दोषारोप करण्यापूर्वीही पुरावा तपासणे हा विवेकी मनुष्याचा धर्म आहे.