दोष ठाऊक असतां मौन

एका घराच्या मागील दाराची कडी बाहेरून सहज निघते, हें शेजाऱ्याला ठाऊक आहे. घरधन्याला ठाऊक नाहीं. शेजाऱ्यानें चोरी केली नाहीं, चोराला वाटहि दाखविली नाहीं. तो केवळ गप्प बसला. पुढें एके रात्रीं तें घर फुटलें, तर या शेजाऱ्यास निर्दोष म्हणावें काय? कायदा त्याला बहुधा सोडून देईल. नीतीला तसें करतां येईल असें मला वाटत नाहीं. आज आपला पगार, बँकेंतील ठेव, रुग्णालयांतील कागदपत्रें हीं सर्व ज्या संगणकांच्या हवालीं आहेत, त्यांच्या सुरक्षिततेचा विचार करूं लागलें कीं हाच शेजारी निरनिराळ्या वेषांत पुनःपुन्हां भेटतो.

हा वाद जुना आहे. इ. स. १८५१ मध्यें लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळीं आल्फ्रेड हॉब्स या अमेरिकन कारागिरानें चब आणि ब्रामा या दोन नामांकित कारखान्यांचीं कुलपें किल्लीवांचून उघडून दाखविलीं. ब्रामाचें कुलूप उघडणारास २०० गिनींचें बक्षीस कित्येक वर्षें लावलेलें होतें. हॉब्सला त्यासाठीं ५१ तास खपावें लागलें. तेव्हां अनेकांनीं ओरड केली कीं, असल्या प्रयोगांनीं चोरांना शिक्षण मिळतें. हॉब्सच्या पक्षाचें म्हणणें असें कीं, चोर आपल्या धंद्यांत मुळींच अडाणी नसतात. अज्ञान असतें तें कुलूप विकत घेणाऱ्या सज्जनाच्या पदरीं.

हें उत्तर मला पटतें. तथापि आक्षेपांतहि तथ्य आहे. एकच सॉफ्टवेअर लक्षावधि यंत्रांत असतें. त्यांतील छिद्र एकाएकीं जाहीर केलें तर डागडुजी होण्यापूर्वींच लक्षावधि दारें उघडीं पडतात. म्हणून दोष शोधणाऱ्यांमध्यें एक शिष्टाचार रूढ झाला आहे. दोष प्रथम निर्मात्याला कळवावा, दुरुस्तीस मुदत द्यावी आणि मग तो जगाला सांगावा. गूगल कंपनीनें २०१४ मध्यें स्थापलेल्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या शोधकांच्या पथकानें ही मुदत ९० दिवसांची ठरविली. येथेंहि मौन आहेच. पण तें घरधन्याच्या हितासाठीं आहे आणि त्याला सीमा आहे.

सीमा नसलेलें मौन काय करतें, हें २०१७ मध्यें दिसलें. विंडोज प्रणालींतील एक छिद्र अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला ठाऊक होतें, आणि हेरगिरीस उपयोगी म्हणून तिनें तें पांच वर्षांहून अधिक काळ निर्मात्यापासून लपविलें, असें तेव्हां वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें. शत्रूच्या घरांत डोकावण्यासाठीं राखलेली ती वाट स्वजनांच्याहि घरांत जात होती. १४ मार्च रोजीं मायक्रोसॉफ्टनें दुरुस्ती प्रसिद्ध केली. एप्रिलमध्यें ‘शॅडो ब्रोकर्स’ असें नांव घेणाऱ्या अज्ञात मंडळीनें तें हत्यारच जगापुढें टाकलें. आणि १२ मे रोजीं ‘वॉनाक्राय’ हा उपद्रव त्याच वाटेनें सुमारें दीडशें देशांतील संगणकांत शिरून तेथील माहिती कुलूपबंद करूं लागला व ती सोडण्यासाठीं खंडणी मागूं लागला. इंग्लंडमध्यें सरकारी आरोग्यसेवेच्या २३६ ट्रस्टांपैकीं निदान ८१ ट्रस्टांना त्याची झळ पोंचली. हजारों रुग्णांच्या ठरलेल्या तपासण्या व शस्त्रक्रिया रद्द झाल्या. छिद्र राखून ठेवणाऱ्यांच्या हिशेबांत हे रुग्ण कोठेंच नव्हते.

परंतु सगळें पाप हेरखात्याच्या माथीं मारून आपणांस मोकळें होतां येत नाहीं. दुरुस्ती जवळजवळ दोन महिने उपलब्ध होती. ती बसविण्याचें काम ज्यांच्याकडे होतें त्यांच्या अडचणी खऱ्या होत्या. यंत्र थांबविलें तर काम थांबतें, आणि जुन्या उपकरणांना नवी दुरुस्ती मानवतेच असें नाहीं. तरीहि ‘पुढच्या आठवड्यांत पाहूं’ हें उत्तर म्हणजे ठाऊक असलेल्या दोषाविषयींचें दुसरें मौनच होय. २७ जून रोजीं ‘नॉटपेट्या’नें तेंच छिद्र पुन्हां वापरलें, आणि मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलाचें काम ठप्प झालें. या विषाचा प्रथम प्रवेश युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच झाला होता, हें खरें. पण औषधांतून एकदां विष आलें म्हणून औषधच वर्ज्य करावें, असें त्यावरून निघत नाहीं. औषध करणाऱ्याची जबाबदारी किती मोठी आहे, एवढेंच निघतें.

तिसरें मौन आपल्या टेबलापाशींच आहे. माझ्या परिचयाच्या एका कचेरींत वृद्ध हिशेबनिसांना वरिष्ठांच्या नांवानें ई-मेल आला कीं, अमुक व्यापाऱ्याचें बँकखातें बदललें आहे, रक्कम नव्या खात्यांत भरावी. त्यांनीं भरली. तासाभरांत त्यांना शंका आली; पण त्यांनीं सांगितलें दुसऱ्या दिवशीं. महिन्यापूर्वीं अशाच चुकीपायीं एका तरुण कारकुनाला सर्वांदेखत बसलेलीं बोलणीं त्यांनीं ऐकलीं होतीं. त्याच संध्याकाळीं पैसा अडविणें कदाचित् शक्य होतें. सकाळीं तें राहिलें नाहीं. भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेनें २०२२ मध्यें नियम केला कीं, असे प्रकार ध्यानांत आल्यापासून सहा तासांत संस्थांनीं ते कळवावे. नियम संस्थेला बांधतो. पण भ्यालेल्या हिशेबनिसाचें तोंड कोणत्या नियमानें उघडणार?

यावर कोणी म्हणेल, मग निष्काळजीपणाला शासनच नको काय? शासन हवें, पण चुकणें आणि चूक लपविणें यांत भेद करावा. फसविणारा कुशल असतां शहाणाहि फसतो. फसल्यावर ताबडतोब सांगण्यास मात्र धैर्य लागतें, आणि ज्या कचेरींत त्या धैर्याची फेड अपमानानें होते, तेथें दुसऱ्या खेपेस कोणी सांगत नाहीं. मग वरिष्ठांनीं पासवर्डाचे नियम कितीहि कडक केले तरी आपल्या घरांत काय चाललें आहे, हें त्यांनाच सर्वांच्या शेवटीं कळतें.

आतां त्या शेजाऱ्याकडे पुन्हां वळूं. तो दोषी आहेच. पण घरधन्यालाहि एक गोष्ट विचारली पाहिजे: मागें कोणी सांगावयास आला होता, तेव्हां ‘माझ्या मागील दाराशीं तुझें काय काम?’ असें म्हणून आपण त्याच्या अंगावर धांवून गेलां होतां काय? दोष दाखविणाऱ्यास कोर्टाची धमकी देणाऱ्या कंपन्या आणि कारकुनाला चारचौघांत झोडपणारे वरिष्ठ हे असेच घरधनी होत. शेजाऱ्याच्या मौनांत त्यांचाहि वांटा आहे. दाराची कडी बदलतांना तोहि त्यांनीं पदरांत घेतला पाहिजे.