उतारशाळेच्या मालकाचा हिशोब

प्रिय धर्मग्रामस्थांनो,

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी आम्ही घरोघरी जातो. प्रार्थना आटोपली की अनेक घरांत उशाजवळची फाईल पुढे येते आणि प्रश्न येतो, "फादर, हे ऑपरेशन खरंच करायला हवं का? की हॉस्पिटलला पैसे काढायचेत?" वैद्यकातले आम्हाला काही कळत नाही, त्यामुळे उत्तर देता येत नाही. पण प्रश्नामागची भीती खरी आहे. ज्याच्या हाती जीव सोपवायचा त्याच्याच हेतूविषयी मनात शंका असावी, हा आजारावर आलेला दुसरा आजारच होय. म्हणून आज आपण नफा आणि विश्वास यांचा थोडा विचार करू या.

बाजारात पापलेट घेताना आपण कल्ले उघडून पाहतो, भाव करतो, पटले नाही तर पुढच्या टोपलीकडे वळतो. डॉक्टरांच्या टेबलासमोर यांतले काहीच जमत नाही. कोणती तपासणी हवी हे ठरवणारा आणि तिचे पैसे घेणारा पुष्कळदा एकच असतो. अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ साली लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात हाच मुद्दा मांडला. रुग्णाला उपचाराची पारख करता येत नाही, म्हणूनच डॉक्टरने सामान्य विक्रेत्यासारखे वागू नये अशी समाजाची अपेक्षा असते. जिथे पारख संपते तिथे विश्वासावाचून गत्यंतर नाही.

हा प्रश्न फार जुना आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या पहिल्याच भागात सॉक्रेटिस विचारतो की, खरा वैद्य पैसे मिळवणारा की रोग्याची काळजी घेणारा? त्याच्या मते बरे करणे ही एक कला आणि मिळकत करणे ही दुसरी. दोन्ही एकाच माणसात सुखाने नांदू शकतात. आम्हाला वाटते, बिघाड होतो तो दुसरी कला पहिलीवर हुकूम चालवू लागते तेव्हा.

मग नफा हे पाप आहे का? दयाळू शोमरोन्याचा दाखला आठवा. जखमी माणसाला त्याने उतारशाळेत नेले आणि निघताना मालकाच्या हाती दोन दीनार ठेवले. तो मालक काही फुकट सेवा करत नव्हता, आणि प्रभू येशूने त्याबद्दल त्याला दोषही दिला नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९९१ च्या 'चेन्तेसिमुस आन्नुस' या परिपत्रकात नफ्याचे योग्य स्थान मान्य केले. मात्र जमाखर्च चोख असूनही माणसांची मानहानी होत असू शकते, हेही त्यांनी बजावले. डॉक्टरलाही घर आहे, मुलेबाळे आहेत. परिचारिकेला पगार हवा, यंत्रांचे हप्ते फेडायला हवेत. उघडपणे सांगून घेतलेल्या रास्त फीमुळे विश्वास तुटत नाही.

विश्वास तुटतो तो लपवलेल्या नफ्यामुळे. रुग्ण पाठवल्याबद्दल मिळणाऱ्या कमिशनला आपल्याकडे 'कट प्रॅक्टिस' असे नावच पडले आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने ते निषिद्ध ठरवले आहे. कारण उघड आहे. पैसे मिळतात म्हणून दिलेला सल्ला हा सल्ला राहतच नाही. हृदयाच्या स्टेंटचे उदाहरण घ्या. औषध लावलेल्या स्टेंटसाठी रुग्णांकडून लाखाहून अधिक रुपये घेतले जात होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने त्याची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवून दिली. छातीत कळ आलेला माणूस भाव करत नाही, हे ठाऊक असलेल्यांनीच तो भाव लावला होता.

पण बोट दाखवताना आपण स्वतःकडेही पाहू या. इंजेक्शन दिले नाही तर "हा कसला डॉक्टर" म्हणणारे आपणच. मुलाच्या मेडिकलच्या जागेसाठी लाखो रुपये मोजतो आणि ते 'वसूल' कधी होणार याचा हिशोबही मांडतो. मग ती वसुली कोणाच्या खिशातून होणार? शिवाय सरसकट संशय हाही अन्याय आहे. प्रामाणिक डॉक्टरने खरोखर गरजेची तपासणी सांगितली आणि आपण संशयापोटी ती टाळली, तर नुकसान आपलेच.

तेव्हा काय करावे? डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, 'ही तपासणी कशासाठी? नाही केली तर काय होईल?' मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. हा हक्क आहे, मागायला लाजू नये. ख्रिस्तसभेची स्वतःची इस्पितळेही या कसोटीतून सुटत नाहीत. भिंतीवरचा क्रूस हा बिलाचा खुलासा होऊ शकत नाही.

आपल्या धर्मग्रामातील डॉक्टर, परिचारिका आणि औषधविक्रेत्यांना आमची एक विनंती आहे. तो शोमरोनी जाताना म्हणाला होता की, यापेक्षा अधिक खर्च झाला तर परत येताना देईन. म्हणजे त्याने बिल उघडेच सोडले. मालकाला हवा तो आकडा मांडता आला असता, जखमी माणूस तर शुद्धीवरही नसेल. मालकाने कोणता आकडा मांडला हे शुभवर्तमान सांगत नाही. तुमच्या दारी येणारा प्रत्येक आजारी असेच उघडे बिल घेऊन येतो. त्यावरचा आकडा तुम्हाला लिहायचा आहे, आणि शोमरोनी परत येणार आहे.

प्रभूमध्ये आपले,
धर्मगुरू