कल तपासणारं कलम

सांताक्रूझ पूर्वेच्या वाकोल्यात पोलीस ठाणं आहे आणि तिथून फार लांब नाही, कलिन्याच्या विद्यानगरीत, राज्याची न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. या प्रयोगशाळेत रक्ताचे डाग, व्हिसेरा, बंदुकीच्या गोळ्या यांची तपासणी होते. फौजदारी न्यायाचा सारा डोलारा एका साध्या गृहीतकावर उभा आहे : गुन्हा म्हणजे कृती, आणि कृती घडली की ती मागे काहीतरी ठेवून जाते. जे मागे राहतं ते तपासता येतं, त्यावर वाद घालता येतो, ते खोटंही ठरवता येतं. मनाचा कल मात्र कुठल्याच काचपट्टीवर घेता येत नाही.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाने नेमका हा प्रश्न पुढे आणला. जुलै 2024 च्या पावसाळी अधिवेशनात ते पहिल्यांदा मांडलं गेलं, पण मंजूर झालं नाही. निवडणुकीनंतर डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ते पुन्हा मांडलं आणि दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे पाठवलं. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे समितीचे प्रमुख होते. जयंत पाटील, जितेंद्र आव्हाड यांच्यासारखे विरोधी बाकांवरचे मुरलेले सदस्यही समितीत होते. लोकांकडून 12 हजारांहून अधिक सूचना आणि हरकती आल्या. 9 जुलै 2025 रोजी अहवाल सभागृहात आला, 10 जुलैला विधानसभेने आवाजी मतदानाने विधेयक मंजूर केलं आणि दुसऱ्या दिवशी विधान परिषदेने.

समितीचं काम सहसा विधेयक हवं की नको हे ठरवण्याचं नसतं. तत्त्व सभागृहाने जवळजवळ स्वीकारलेलं असतं. समितीने खंड न खंड वाचायचा, शब्द उलटसुलट करून पाहायचे, उद्या एखादा उतावळा अधिकारी या शब्दाचं काय करील याचा विचार करायचा. सभागृहात भाषणं होतात ती गॅलरीकडे पाहून. समितीच्या खोलीत वाद होतो तो स्वल्पविरामावरून. लोकशाहीतलं तत्त्वचिंतन जर कुठे होत असेल, तर ते या दुसऱ्या खोलीत व्हायला हवं.

या समितीने काही बदल केले, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. मूळ मसुदा व्यक्ती आणि संघटनांच्या बेकायदेशीर कृत्यांविषयी बोलत होता. समितीनंतर त्याचा रोख कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटनांपुरता ठेवण्यात आला. बंदीच्या आदेशाची छाननी करणाऱ्या सल्लागार मंडळाची रचना बदलली : अध्यक्ष उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश, सोबत निवृत्त जिल्हा न्यायाधीश आणि उच्च न्यायालयातील सरकारी वकील. तपासाचा अधिकार उपनिरीक्षकाकडून काढून उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे दिला. वाकोल्याच्या भाषेत सांगायचं तर ठाण्यातल्या फौजदाराने हा तपास करायचा नाही, तो सहायक पोलीस आयुक्तांच्या टेबलावर जाणार. ज्याला रात्री दोन वाजता ठाण्यात बोलावलं जातं, त्याच्यासाठी हा फरक मोठा आहे.

व्याख्या मात्र आत गेली तशीच बाहेर आली. बेकायदेशीर कृत्य कशाला म्हणायचं, हे सांगणाऱ्या कलमात बॉम्ब आहेत, शस्त्रं आहेत, रेल्वे आणि रस्ते तोडणं आहे. त्याबद्दल कोणाचं दुमत असणार? पण त्याच यादीत कायद्याच्या अंमलबजावणीत अडथळा आणण्याकडे ज्याचा कल आहे असं वर्तन आहे, आणि प्रस्थापित कायदा व त्याच्या संस्था यांच्या अवज्ञेला उत्तेजन देणं किंवा तिची शिकवण देणंही आहे. असं कृत्य करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत.

इथे धर्माकडे वळणं भाग आहे, कारण मनाच्या कलाचा हिशेब माणसाकडून सगळ्यात आधी धर्माने मागितला. वाकोल्यात दत्त मंदिर रोड आहे, मशीद आहे, सेंट अँथनी चर्च आहे. तिन्ही ठिकाणी हेतूला कृतीपेक्षा वरचं स्थान मिळतं. पूजेला बसणारा आधी हातावर पाणी घेऊन संकल्प सोडतो. नमाज पढणाऱ्याने नियत बांधली नाही, तर उठणं-वाकणं नुसती कसरत ठरते. पापनिवेदनाला जाणारा कॅथलिक ख्रिस्ती हातून घडलेल्या पापाइतकंच मनात आलेलं पापही सांगतो. बौद्ध विचार तर चेतनेलाच कर्म म्हणतो.

मात्र या सर्व परंपरांमध्ये मन तपासणारा कोण असतो? साधक स्वतः असतो, किंवा परमेश्वर असतो. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूलाही ते बाहेर सांगायला सक्त मनाई आहे. दुसऱ्याच्या अंतःकरणावर निकाल देण्याचा अधिकार धर्माने माणसाला सहजी दिलेला नाही, आणि जिथे तो बळकावला गेला तिथे धर्मन्यायालयं उभी राहिली. गोव्यात 1560 पासून इन्क्विझिशन चाललं. घरात तुळस आहे का, डुकराचं मांस नाकारलं का, अशा खुणांवरून माणसाच्या मनातली श्रद्धा ठरवली जाई. मन दिसत नाही म्हटल्यावर तपासणारा खुणा शोधतो, आणि हव्या तेवढ्या खुणा सापडतात.

हीच गोष्ट मुंबईच्या उच्च न्यायालयातही घडली आहे. 1897 च्या राजद्रोहाच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ज्यूरीला सांगितलं की सरकारविषयी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. लोकमान्य टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली. 1908 मध्ये न्यायमूर्ती दावर यांच्यासमोर पुन्हा तेच कलम आलं. ज्यूरी सात विरुद्ध दोन अशी विभागली आणि टिळक सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. मनातल्या भावनेसाठी शिक्षा झालेल्या या माणसाने त्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिलं. कर्माची नैतिक किंमत त्याच्या बाह्य फळावरून ठरवायची नाही, कर्त्याच्या बुद्धीवरून ठरवायची, असा त्या ग्रंथाचा आग्रह आहे. मिलचा उपयुक्ततावाद टिळकांना त्यासाठीच अपुरा वाटला. वरवर पाहता हा विरोधाभास वाटेल, पण तसा तो नाही. बुद्धीची शुद्धता पाहा, हे टिळक कर्म करणाऱ्याला सांगत होते. पोलीस कमिशनरला नव्हे.

सरकारची बाजूही नीट ऐकायला हवी. 1 मे 2019 रोजी, महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीत कुरखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात 15 पोलीस आणि एक चालक मारले गेले. त्या घरांपुढे उभं राहून व्याख्यांची चर्चा करणं सोपं नाही. सुरुंग पेरणारा हात दिसतो, पण त्याला पैसा, निवारा आणि माणसं पुरवणारं जाळं दिसत नाही, आणि त्यासाठीच हा कायदा, असं सरकारचं म्हणणं आहे. छत्तीसगडने असा कायदा 2005 मध्येच केला. शिवाय आधी संघटना बेकायदेशीर ठरल्याशिवाय कोणा एकट्यादुकट्याला पकडता येणार नाही, अशी ग्वाही मुख्यमंत्र्यांनी दिली. या युक्तिवादात तथ्य आहे. पण संघटना बेकायदेशीर ठरवताना मोजपट्टी कोणती? तीच व्याख्या. म्हणजे वाद फिरून त्याच शब्दांपाशी येतो.

अवज्ञेच्या शिकवणीविरुद्ध सर्वांत भक्कम भूमिका मात्र सरकारी बाकांवरून आलेली नाही, ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आहे. 25 नोव्हेंबर 1949 च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी सांगितलं, की संविधानिक मार्ग खुले झाल्यावर सविनय कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह हे मार्ग सोडून द्यायला हवेत. हे सांगणारा माणूस महाडच्या सत्याग्रहाचा नेता होता, हे विसरून चालत नाही. रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने 1923 मध्येच मुंबईच्या कायदे कौन्सिलने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते. 20 मार्च 1927 ला चवदार तळ्यावर मोर्चा गेला तेव्हा कायदा मोर्चेकऱ्यांच्या बाजूला होता आणि रूढी विरुद्ध. डिसेंबरात परिस्थिती उलटली. सवर्णांनी दिवाणी न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम आणला. परिषदेला जमलेल्या हजारोंचा आग्रह सत्याग्रहाचा होता, तशी भाषणं झाली, स्वयंसेवकांची नावं घेतली गेली. 25 तारखेला मनुस्मृती जाळली गेली. तळ्यावरचा सत्याग्रह मात्र बाबासाहेबांनी न्यायालयाचा मान राखून तहकूब केला. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला 1937 उजाडलं.

डिसेंबरातल्या त्या दिवसांवर आजची व्याख्या ठेवून पाहावी. तळ्याच्या पाण्याला कोणी हात लावला नाही, हुकूम मोडला गेला नाही. पण मांडवात अवज्ञेची शिकवण दिली गेली होती, उत्तेजनही दिलं गेलं होतं. शांतपणे थांबलेली ती सभा या शब्दांत सापडते. जी व्याख्या महाडच्या मांडवाला आणि कुरखेड्याच्या सुरुंगाला एकाच वाक्यात बसवते, ती समितीने आणखी एकदा वाचायला हवी होती.

असं वाचन याच विधिमंडळाने केलेलं आहे. जादूटोणाविरोधी विधेयक 2005 मध्ये विधानसभेने मंजूर केलं, परिषदेत अडलं, संयुक्त समितीकडे गेलं आणि वर्षानुवर्षं रखडलं. वारकऱ्यांना भीती होती की उद्या वारीवर आणि कीर्तनावर गदा येईल. विरोध कडवा होता, आणि विलंबाची किंमत फार मोठी पडली : 20 ऑगस्ट 2013 रोजी या कायद्यासाठी लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची पुण्यात हत्या झाली. त्या डिसेंबरात कायदा झाला. पण त्या भांडणातून मसुदा धारदार होत गेला होता. अंधश्रद्धा या शब्दाची व्याख्या करण्याचा मोह कायद्याने टाळला. त्याऐवजी अनुसूची जोडली आणि तीत बारा प्रकारची कृत्यं नावानिशी लिहिली. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरखंडाने बांधणं, मारहाण करणं, चटके देणं यांचा त्यात समावेश आहे. आणि वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असं स्वतंत्र कलमच घातलं. श्रद्धा चूक की बरोबर, हे ठरवायला राज्य बसलं नाही. माणसाच्या अंगाला चटका बसला का, एवढंच ते विचारतं, आणि चटक्याचा डाग तपासता येतो.

जनसुरक्षा विधेयकाला अशी अनुसूची जोडता आली असती. शस्त्रं पुरवणं, खंडणी गोळा करणं, सुरुंगासाठी साहित्य नेणं, फरार सशस्त्र माणसाला जाणूनबुजून आसरा देणं, अशी कृत्यं एकेक करून लिहिता आली असती. निःशस्त्र मोर्चा, धरणं, उपोषण, संप आणि कायद्यावरची टीका यांना वगळणारं कलम वारी-कीर्तनाच्या कलमाइतकंच सोपं होतं. वाकोल्याच्या आसपास विमानतळाच्या जमिनीवर वस्त्या आहेत. तिथे पाडकामाची नोटीस आली तर लोक एकत्र येणार, रस्त्यावर बसा म्हणून कोणीतरी सांगणार. त्या माणसाची बाजू चूक असू शकते आणि रस्ता अडवल्याबद्दल त्याच्यावर साध्या कायद्याने कारवाईही होऊ शकते. त्याला अवज्ञेची शिकवण देणारा म्हणायचं का, हे मात्र सरकारच्या मर्जीवर सोडता येत नाही.

'जनसुरक्षा' हे नावही कायदेमंडळांना नवं नाही. 1928 मध्ये केंद्रीय कायदे मंडळात परदेशी कम्युनिस्टांना हद्दपार करण्यासाठी पब्लिक सेफ्टी बिल आलं. सप्टेंबरात मतं 61 विरुद्ध 61 अशी सम झाली, आणि मुंबई महापालिकेचं अध्यक्षपद भूषवलेल्या विठ्ठलभाई पटेलांनी सभाध्यक्ष म्हणून निर्णायक मत विधेयकाविरुद्ध दिलं. मुंबईच्या विधानसभेत 10 जुलै 2025 ला मतं मोजण्याची वेळ आली नाही. मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की समितीच्या एकाही सदस्याने भिन्नमतपत्रिका जोडलेली नाही. डहाणूचे मार्क्सवादी आमदार विनोद निकोले यांनी विधानसभेत उघड विरोध नोंदवला. परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला तो दुसऱ्या दिवशी, समितीचं काम संपल्यावर, जेव्हा शब्द बदलण्याची सोय जवळजवळ उरली नव्हती.