गुरुत्वाची कसोटी

गुरुपौर्णिमेस आपण व्यासांचे पूजन करतो, पादुकांवर फुले वाहतो, गुरुमहिमा गातो. परंतु गुरू कोणास म्हणावे, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो. ज्याच्यापाशी विद्या आहे तो गुरू, असे म्हणावे, तर विद्या द्रोणाचार्यांपाशी थोडी नव्हती. तरीही एकलव्याचा अंगठा आठवला की त्यांच्यापुढे मस्तक निःशंकपणे लवत नाही. म्हणजे गुरुत्वास विद्येहून निराळे असे काही लागते. ते काय, याचा विचार एका सैनिकाच्या चरित्राच्या आधारे करावा, असा मानस आहे.

तो सैनिक म्हणजे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील अंबडवे. त्यांचे वडील मालोजी हेही सैनिकच. त्या काळच्या लष्करात सैनिकांना व त्यांच्या मुलामुलींना शिकविण्याची सोय होती. ज्यांना गावच्या शाळेची पायरी चढणे दुर्घट होते, त्यांस छावणीत अक्षर मिळाले. रामजींनी पुण्यास अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेत मुख्याध्यापकाचे काम केले. आपल्याच मध्य प्रदेशातील महू येथे ते असताना १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. १८९४ च्या सुमारास रामजी निवृत्त झाले. त्याच सुमारास सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्या दाराने ज्ञान आत आले ते दारच मिटले! ते पुन्हा उघडावे म्हणून झालेल्या खटपटीत रामजींचाही हात होता.

सुभेदारपद ही काही लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु त्या पदाचा मान छावणीच्या कुंपणापलीकडे किती चालत होता? १९०१ साली रामजी सातारा जिल्ह्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांना भेटावयास भीमराव, त्यांचे बंधू व भाचे आगगाडीने मसूर स्थानकावर उतरले. मुले नीटनेटक्या पोशाखातली. परंतु जात कळताच गाडीवान त्यांस नेईनात. अखेरीस दुप्पट भाडे घेऊन एकजण कबूल झाला, तोही या अटीवर की गाडी मुलांनी हाकावी आणि त्याने बाजूने चालावे. रात्रभरच्या त्या प्रवासात मुलांना पिण्यास पाणी मिळाले नाही. सुभेदाराच्या मुलांची ही अवस्था! राज्याने दिलेला मान शेजाऱ्याच्या मनात उतरतोच असे नाही, हे यावरून ध्यानात येईल.

अशा स्थितीत मनुष्य एकतर कडवट होतो, नाहीतर हताश. रामजी शिक्षकच राहिले. ते कबीरपंथी होते. घरी नित्य भजन होई, अभंग आणि दोहे म्हटले जात, मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेतले जाई. तर्खडकरांच्या भाषांतरमालेवरून ते मुलास इंग्रजी शिकवीत. मुंबईस परळच्या चाळीतील एका खोलीत ते मुलास लवकर निजवीत, स्वतः रात्री दोनपर्यंत जागत, मग त्यास अभ्यासास उठवून आपण निजत. पुस्तकास पैसा नसला तर विवाहित मुलींकडे जात आणि त्यांचा दागिना गहाण टाकून पुस्तक आणीत. मुलांनी संस्कृत शिकावे ही त्यांची इच्छा होती. पण शाळेत तो मार्ग बंद असल्याने भीमरावांना फारसी घ्यावी लागली. जी संस्कृत वाणी पुजाऱ्याच्या घरात जन्मल्यामुळे माझ्या कानी न मागता पडली, ती एका सुभेदाराच्या मुलास मागूनही मिळाली नाही! यात माझे पुण्य कोणते आणि त्यांचे पाप कोणते, याचे उत्तर मला कोणत्याही पोथीत सापडलेले नाही.

आता मुख्य मुद्दा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी एक आठवण दिली आहे. ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्रांची हीनता येते, ते आम्ही का वाचावे, असे त्यांनी वडिलांना विचारले. प्रथम रामजींनी त्यांस गप्प बसविले. परंतु प्रश्न पुन्हा आला तेव्हा समजावून सांगितले की, आपण अस्पृश्य असल्यामुळे मनात न्यूनभाव येण्याचा संभव आहे, तो जावा म्हणून हे वाचावयाचे. द्रोण आणि कर्ण लहान स्थितीतून केवढ्या उंचीस पोहोचले, वाल्मीकी कोळी असून रामायणकार झाले, ते पाहा. या म्हणण्यात काही बळ आहे असे मुलास वाटले, पण त्याचे समाधान मात्र झाले नाही.

वाचकहो, रामजींची थोरवी मला या असमाधानात दिसते. मुलाचे समाधान झाले नाही म्हणून त्यांनी त्याची पुस्तके बंद केली नाहीत. उलट जागरणे चालूच राहिली, दागिने गहाण पडतच राहिले. आपण पूज्य मानतो त्या ग्रंथांसच जो मुलगा प्रश्न करतो, त्याच्या प्रश्नास धार येईल असेच शिक्षण ते त्याला देत होते. कोणी म्हणेल, द्रोणाचार्य राजवचनात बांधलेले होते. खरे आहे. परंतु गरिबीने आणि पोटाच्या चाकरीने रामजीही बांधलेलेच होते. दोघांत भेद इतकाच की, द्रोणांस शिष्याच्या वाढीचे भय वाटले. रामजींस ते वाटले नाही. शिष्याच्या हातून आपला पराभव व्हावा असे इच्छिणारा तो गुरू, अशी आपल्या पूर्वजांची धारणा आहे. ही कसोटी रामजी उतरले.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांचे देहावसान झाले. मुलाची परदेशी विद्या पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. पुढे २ मार्च १९३० रोजी त्यांच्या मुलाच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारी सत्याग्रह सुरू झाला. ते दार उघडले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास त्यांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्धधम्माची दीक्षा घेतली. रामाकोन्याहून नागपूर काही दूर नाही; बाजाराला, दवाखान्याला आपण नेहमीच जातो. दीक्षाभूमीवरून जाताना तरी आपल्या मनात यावे की, ज्या घरात नित्य भजन होत असे, त्या घरातील मुलगा हा. तो आपल्या दारापर्यंत आला होता, आणि दार आतून लावलेले होते.

कायद्याने दारे आता उघडली आहेत. परंतु दार उघडणे निराळे आणि येणाऱ्यास आपले मानणे निराळे. येत्या गुरुपौर्णिमेस व्यासपूजा करताना आपण प्रत्येकाने मनाशी एवढे तपासावे की, माझ्यापाशी जे ज्ञान आहे ते मी कोणास देण्याचे नाकारतो, आणि का? त्या ‘का’चे निर्मळ उत्तर ज्यास देता येईल, त्याची पूजा श्रीरामचरणी खचित रुजू होईल.